सवतीचा पोपट

अलाबीनं दुसरं लग्न केलं त्या दिवशी ऐन वेळी नवरी गायब झाली. इवो गावातली सगळी म्हातारी माणसं आशीर्वाद द्यायला अंगणात जमलेली, आणि ज्या चटईवर नवरीनं मान खाली घालून बसायचं ती चटई रिकामी. शोधाशोध झाली. बया सापडली मागच्या परसात, हंड्यात डाव फिरवताना. म्हणाली, "खालून करपतंय, कुणाचं लक्षच नाही." करपत होतं हे खरं. पण तो हंडा होता थोरल्या बायकोच्या, साबितीच्या ताब्यात. दोन सवतींचं वैर लागायला एवढं पुष्कळ झालं.

नवरीचं नाव आसाके. गावानं त्या दिवशीच ओळखलं, की अलाबीनं पायाला भिंगरी बांधलेली बायको आणली. पुढं अलाबी गेला, दोघी विधवा झाल्या, केस पांढरे झाले, तरी भिंगरी काही सुटली नाही. आसाके चालता चालता जेवायची. नमाजाला बसली तर सलाम फिरवता फिरवता उठायची. तिचा दीर मुकायला दिवसभर दारातल्या बाकावर जपाची तसबी घेऊन बसून असे. तो म्हणायचा, "धाकटे, तुला मरण आलं तर त्यालासुद्धा तुझ्यामागं पळावं लागेल."

"मग पळू दे," ती जाता जाता म्हणायची, "तुमच्यापाशी तरी कुठं टेकायला जागा आहे? सगळा बाक तुम्हीच अडवलाय."

तिचा धंदाही भिंगरीलाच साजेसा. मका भिजवायचा, आंबवायचा, दळायचा, फडक्यातून गाळायचा, खाली बसलेलं पीठ पाण्यात कालवून दाट पेज शिजवायची. ती गरम असतानाच कर्दळीसारख्या रुंद रानपानात ओतून पुडी बांधायची. निवली की आत खरवसासारखी थरथरती वडी जमते, तिला म्हणायचं एको. टोपली डोक्यावर घेऊन आसाके "एको, गार एको" करत निघाली, की घड्याळ नसलेल्या बायका चुली पेटवायच्या.

आणि दुसरी एक गोष्ट होती, जिच्यामुळं आख्खं गाव तिला मानायचं. ती म्हणजे तिचा हात. कुणाचं मूल खात नाही, अंगी लागत नाही, की बोलवा आसाकेला. ती येणार, पोराला मांडीवर आडवं घेणार, डाव्या हाताची पन्हळ करून त्याच्या ओठांशी लावणार, नाक चिमटीत धरणार आणि वरून पेज ओतणार. पोर रडायला तोंड उघडे, की पेज आत. ठसका लागे, डोळे पांढरे होत, आई तोंड फिरवून घेई, पण वाटी रिकामी झाल्याशिवाय आसाके सोडत नसे. शहाणी माणसं आता याला नावं ठेवतात, आणि ठेवायलाच हवीत. पण तेव्हा ती रीतच होती. इमामसाहेबांचा नातू तिनंच असा वाढवलेला. तो पुढं मास्तर झाला, मिशा ठेवल्या, वेताची छडी घेऊन हिंडू लागला, पण समोरून आसाके आली की रस्ता बदलायचा आणि नकळत नाकावर हात न्यायचा.

तर अशी ही आसाके. आणि एक दिवस तिच्या गळ्यात सवतीचा पोपट आला.

इवो हे मुळी पोपटाचंच गाव. इवोच्या माणसाची कुणी स्तुती गाऊ लागला तर आधी पोपटाचं नाव घेतो. पोपट म्हणजे तिकडचा, राखाडी अंगाचा आणि लालभडक शेपटीचा. साबितीनं तसलंच एक पिल्लू रानातल्या माणसाकडून घेतलं होतं. कुठल्या तरी झाडाच्या ढोलीतून काढलेलं, अर्धवट पिसांचं, काळ्याभोर डोळ्यांचं. जवळ गेलं की ते कुत्र्यासारखं गुरगुरायचं. साबितीची इच्छा एवढीच, की त्यानं दारात आलेल्याला सलाम करावा. तेवढ्यात दूरच्या आबिदजान शहरातून निरोप आला. तिची मुलगी रिसिकात तिकडं दिली होती, तिचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाला आई हवी. लॉरी उद्याच सुटणार होती.

साबितीनं गाठोडं बांधलं आणि पिंजरा आसाकेच्या ओसरीवर आणून ठेवला. दुसऱ्या कुणाकडं ठेवता आलं असतं, पण बाकीच्यांच्या घरी मांजरं होती.

"हे बघ," ती म्हणाली, "चाळीस दिवस झाले की मी येते. याला ताडफळं टाकायची आणि लाल मिरची. मिरचीनं जीभ सुटते."

"टाकीन."

"टाकीन नव्हे, रोज टाकायची. आणि याला काही झालं तर..."

"तर काय, इया रिसी?" आसाकेनं विचारलं. सवतीला नावानं हाक मारायची रीत नाही. रिसीची आई, इया रिसी, असंच म्हणायचं.

"तर काही नाही," साबिती लॉरीत चढता चढता म्हणाली. "आपलं दोघींचं कसं आहे ते सगळ्या इवोला माहीत आहे."

लॉरी गेली, धूळ खाली बसली आणि ते वाक्य मात्र तसंच हवेत राहिलं. आसाके घरात आली, पिंजऱ्याकडं पाहिलं, पिल्लू गुरगुरलं. "तूही तिच्यासारखाच," ती म्हणाली, दोन ताडफळं आणि एक मिरची वाडग्यात टाकून टोपली उचलून चालती झाली.

चार-पाच दिवस तसंच चाललं. जाता जाता टाकायचं, येता येता वाडगा पाहायचा. वाडगा रिकामा असे. म्हणजे खातंय. आणखी काय पाहायचं? ती न थांबता पुढं जाई.

मग उत्तरेकडचा कोरडा वारा सुटला. त्या दिवसांत ओठ फुटतात, सकाळी समोरचं घर धुळीत दिसत नाही, आणि चुलीपाशी जागा मिळवायला भांडणं होतात. अशाच एका सकाळी आसाके वाडग्यासाठी वाकली, तेव्हा वाडग्यात एक घूस बसून ताडफळ सोलत होती. घुशीनं हिच्याकडं पाहिलं, हिनं घुशीकडं. घूस पळाली. आसाकेचा हात तसाच राहिला. मग तिच्या ध्यानात आलं, की पिल्लू गुरगुरलं नाही.

ते कोपऱ्यात पिसं फुगवून, डोळे मिटून उभं होतं. एवढे दिवस घूस पोसली जात होती. पिल्लू मुळात एवढं लहान, की आपल्या चोचीनं खायचं ते शिकलंच नव्हतं. आसाकेनं त्याला बाहेर काढलं. फुगलेल्या पिसांत हात बुडाला तो थेट हाडाला लागला. छातीचं हाड विळीच्या पात्यासारखं वर आलेलं. खाली हिरवट पाण्याचा डाग. तिनं एका हातात पिल्लू धरलं, दुसऱ्या हातात टोपलीतला एक एको. तिचा हात म्हणजे तराजूच होता, हजारो पुड्या त्यानं सारख्या बांधल्या होत्या. एकोचा हात खाली गेला.

"अल्ला!" ती म्हणाली, आणि पुढचं तिच्या डोळ्यांसमोर उभंच राहिलं: लॉरीतून उतरणारी साबिती, रिकामा पिंजरा, दारात जमलेल्या बायका. कुणी काही म्हणणार नाही. नुसते एकमेकींकडं बघतील. सवतीनं सवतीचा पोपट उपाशी मारला. बाजारात तिचा एको कोण घेईल? आपल्या पोराच्या तोंडाशी तिचा हात कोण लावू देईल?

पण हात होता ना! न खाणारं पोर आजवर या हातापुढं हरलं नव्हतं, मग हे तर मूठभर. तिनं पेज ओतून घेतली, पिल्लू मांडीवर उताणं केलं, डाव्या हाताची पन्हळ चोचीशी लावली आणि ओतली.

पिल्लू तडफडलं. चोचीतून, नाकपुड्यांतून पेज बाहेर आली. त्यानं मान मागं टाकली, पंख ताठ झाले, गळ्यातून घर्र घर्र आवाज आला, आणि मग आवाजही थांबला. आसाकेनं त्याला उलटं धरलं, पाठीवर थोपटलं, चोच पुसली, नाकपुडीवर ओठ लावून पेज ओढून थुंकली. "ए, असं करू नको! ए बाळा! अरे मी काय केलं तुला?" शेवटी पिल्लू शिंकलं. पेज तिच्या तोंडावर उडाली. मग ते श्वास घेऊ लागलं, खरखरत, पण घेऊ लागलं.

दारातून मुकायला ओरडला, "काय झालं गं धाकटे?"

"काही नाही भावोजी! ठसका लागला."

"कुणाला?"

"मला!" ती म्हणाली, आणि आपल्या डाव्या हाताकडं बघत राहिली. त्या हाताची आयुष्यात पहिल्यांदाच तिला भीती वाटली.

आता काय करावं? ती अंगणात इकडून तिकडं फिरू लागली. चुलीपाशी गेली, परत आली. पिल्लाला फडक्यात गुंडाळून चुलीतल्या कोमट दगडाशेजारी टोपलीत ठेवलं. पुन्हा फिरली. हात चालत नाही, तर मग काय चालेल? हातांना काम हवं म्हणून ती पुड्या बांधायला बसली. पान घेतलं, शंकूसारखं दुमडलं, पेज ओतणार तेवढ्यात शंकूचं टोक फाटलं आणि थेंब गळू लागला. टोपली शेजारीच होती. टोपलीतून पिल्लानं मान वर केली. पानाचं टोक त्याच्या चोचीच्या कोपऱ्याला जरासं लागलं, आणि त्या अर्धमेल्या जिवानं डोकं वर-खाली हलवायला सुरुवात केली. हलवलं, थांबलं, पुन्हा हलवलं. आणि एक थेंब गिळला. त्याचा त्यानंच.

आसाके श्वास रोखून बसली. पान हलवावं तर ते थांबे. घाई केली तर तोंड फिरवी. पान स्थिर धरलं आणि वाट पाहिली, तर पुन्हा डोकं हलवी, पुन्हा एक थेंब. तिचे पाय शिवशिवत होते, टोपली थांबली होती, ऊन वर येत होतं, गिऱ्हाइकं खोळंबली होती, आणि इवो गावातली सगळ्यांत उतावीळ बाई एका पाखराची मर्जी सांभाळत पान धरून बसली होती.

त्या दिवशी चुली उशिरा पेटल्या.

घरी ठेवायची सोय नव्हती. घूस होती, वारा होता, आणि पोट एवढंसं, की थोडं थोडं पुन्हा पुन्हा द्यावं लागे. म्हणून आसाकेनं एक मोठा भोपळ्याचा कटोरा घेतला, त्यात मऊ चिंधी आणि फडक्यात गुंडाळलेला कोमट दगड ठेवला, त्यावर पिल्लू, आणि पोरं पाठीला बांधायच्या लांब कापडानं तो कटोरा पोटाशी बांधला. डोक्यावर एको, पोटाशी पोपट, अशी ती बाजारात शिरली. मिरच्या विकणारी जोलादे तिची जुनी मैत्रीण. ती पोटावरचा तो उंचवटा बघून किंचाळलीच.

"आसाके! या वयात?"

"गप गं."

"नाही, पण बाप कोण? अलाबीला जाऊन तर..."

"सवतीचं आहे," आसाके म्हणाली आणि फडकं बाजूला केलं.

जोलादेनं आत डोकावलं. "हे जगतंय होय? याच्यापेक्षा माझ्या मिरचीत जास्त मांस आहे."

"तुझ्या तोंडात माती! जगणार आहे ते. जगायलाच हवंय."

"सवतीसाठी एवढा जीव?"

"सवतीसाठी नाही गं, माझ्या नावासाठी. हे मेलं तर माझं नाव मेलं."

असं ती प्रत्येकाला सांगायची. रोज बाजाराच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत चार ठिकाणी टोपली उतरवायची, पान दुमडायची, थेंब थेंब पाजायची. लोक भोवती जमायचे. पण शेजारच्या वाडीतला भविष्य सांगणारा फातोकी रोज घरीच यायचा. त्याच्या विधींना पोपटाच्या शेपटीची लाल पिसं लागत, आणि ती मिळणं अवघड. तो दारात उभा राहून गोड आवाजात विचारायचा, "काय म्हणतोय आमचा पाहुणा?"

"पाहुणा बरा आहे."

"नाही, म्हटलं, देवाची इच्छा काही वेगळी असली तर शेपटी वाया जाऊ नये..."

"फातोकी, तुमच्या डोक्यावर चार केस उरलेत. तुम्ही गेल्यावर तेही वाया जाऊ नयेत, मी उशीत भरून ठेवीन."

मुकायला बाकावरून खो खो हसला, तसबी हातातून पडली.

पण हसण्याचे दिवस थोडेच टिकले. पिल्लू जरा अंग धरू लागलं, पानासाठी ओरडू लागलं, आणि आसाकेला आनंद आवरेना. मागेल तेवढं देत गेली. एका दुपारी त्यानं तोंड फिरवलं. गळ्याखालची पोतडी टम्म फुगलेली, सकाळचं तसंच आत. आसाकेनं चोचीशी नाक नेलं. तो वास तिला कुठंही ओळखू आला असता, जन्मभर तिनं दुसरं केलं काय? आंबलं होतं! आंबवणाच्या हंड्यात शिळं पाणी तसंच ठेवून वर नवं पीठ घातलं की सगळा हंडा नासतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं, आणि तीच चूक तिनं या एवढ्याशा हंड्यात केली होती.

दोन दिवस तिनं पेज बंद केली. नुसतं कोमट पाणी, पानाच्या टोकातून. बोटानं पोतडी हलके हलके चोळायची, वास घ्यायचा, फिरायचं, पुन्हा वास घ्यायचा. त्या दोन दिवसांत एको झालाच नाही. जोलादे चौकशीला आली, तर ही अंगणात गोल गोल चालतेय, कटोरा पोटाशी.

"बस की जरा."

"बसलं की वाईट विचार येतात."

"साबितीला कळवू या का कुणाबरोबर? लॉरीवाला जातोय आबिदजानला. म्हणावं, आजारी आहे, पण आसाकेच्या हयगयीनं नाही."

आसाके थांबली. एरवी हे तिला आधी सुचलं असतं. ती जोलादेकडं जरा गोंधळूनच बघत राहिली. "साबिती," ती म्हणाली. "हो. तिचा आहे, नाही का?" आणि पुन्हा चालू लागली.

तिसऱ्या सकाळी पोतडी सैल झाली. वास गेला. पिल्लू अशक्त आवाजात गुरगुरलं, आणि त्या आवाजानं आसाकेच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानंतर तिनं आंबवलेलं पीठ त्याला कधी दिलं नाही. रोज ताज्या मक्याची पातळ पेज, शिजवून घोटलेली चवळी, वर ताडाच्या लाल तेलाचा थेंब. पोतडी रिकामी झाल्याशिवाय दुसरं पान नाही, मग कितीही ओरडो.

चाळीस दिवस उलटले, साबिती आली नाही. निरोप आला, की नातीला तिची सवय लागलीय. वारा थांबला, पाऊस लागला, मक्याची नवी कणसं बाजारात आली, तरी साबिती तिकडंच. इकडं पोपट एका एकोच्या वजनाचा झाला, मग एकोला मागं टाकून पुढं गेला. छातीचं हाड मांसात बुडालं. पिसं भरली, करड्या रेशमासारखी चकाकू लागली. पंख फुटल्यावर तो आसाकेच्या खांद्यावर बसून बाजारात जाऊ लागला. फळं फोडून खायला शिकला, पण संध्याकाळची पानातली पेज काही सोडली नाही. तिची वेळ झाली की ओरडून घर डोक्यावर घेई. आणि पहिल्यांदा बोलला तो सलाम नव्हेच. "एको, गार एको!" असा गळा काढला, आणि बाजारातल्या दोन बायकांनी मागं वळून पाहिलं.

मग लॉरी आली.

साबिती उतरली ती नव्या छापील कापडात, अंगानं भरलेली, बरोबर लांबट पावांचं गाठोडं. पहिलंच बोलणं हे, की ती फक्त सामान न्यायला आली आहे. आता तिकडंच राहायचं, रिसिकातपाशी. आणि नातीसाठी पोपट कबूल केलाय, तो नेणार. सगळं घर भोवती जमलं होतं. मुकायला बाकावरून उठून आला, फातोकी कुंपणापाशी आला, जोलादे बाजार सोडून आली. आसाकेनं खांद्यावरचा पोपट उतरवून दोन्ही हातांनी पुढं केला. एवढ्या महिन्यांत या क्षणाची तिनं किती तयारी केली होती! हा घ्या, इया रिसी, जसा दिला होता त्याहून धडधाकट.

साबितीनं पोपटाकडं पाहिलं. मग आसाकेकडं. मग पुन्हा पोपटाकडं.

"हा कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? तुमचा."

"माझा?" साबिती म्हणाली. "माझ्या पोपटाचे डोळे काळे होते. याचे बघा, राखेसारखे पांढुरके. माझा मूठभर होता. हा कोंबडीएवढा. माझा माणूस दिसला की गुरगुरायचा, हा तुझ्या बोटांशी खेळतोय. आसाके, माझा पोपट कुठं आहे?"

पिल्लाचे काळे डोळे वाढीबरोबर फिकट होत जातात हे रोज बघणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. साबितीच्या मनात मात्र सोडून गेली तेव्हाचं पिल्लूच राहिलं होतं.

"तो मेला," साबिती सगळ्यांना म्हणाली, "मला ठाऊकच होतं. मारला आणि दुसरा आणून ठेवला. मी काय आंधळी झालेय आबिदजानला जाऊन?"

"इया रिसी, अल्लाची शपथ..."

"अल्लाला मध्ये आणू नको!"

"अगं साबिती," जोलादे पुढं झाली, "सगळ्या बाजारानं पाहिलंय..."

"बाजार तुझी मैत्रीण आहे, माझी नाही."

फातोकी कुंपणावरून म्हणाला, "पोपटाला आपल्यात काय म्हणतात? खरं बोलणारा, म्हणून जगाला नकोसा. आता बघा, खरा समोर आहे तर तोच नको झालाय."

मुकायलानं हात वर केला. घरातला वडीलधारा तोच. बाक आणवला, बसला, दोघींना समोर उभं केलं. "धाकटे," तो म्हणाला, "मी दारातच असतो, मी पाहिलंय. पण मी सांगितलं तर म्हणतील, दिरानं बाजू घेतली. तू बाजार साक्षीला आण. इमामसाहेबांच्या नातवाला आण. सगळे सांगतील हा तोच पोपट. एकदा ठरलं की तुझं नाव धुतलं गेलं, आणि थोरली आपला पोपट घेऊन जाईल लॉरीनं. बोल. बोलावू का सगळ्यांना?"

सोपं होतं. बोट वर केलं असतं तर अर्धं गाव धावत आलं असतं. ज्या नावासाठी ती वणवण फिरली ते नाव तिच्या हाताशी होतं. पोपट हातांवरून तिच्या खांद्यावर सरकला, मानेशी आला, कानाची पाळी चोचीत हलकेच धरून बसला. साबिती मोठ्यानं म्हणत होती, की तिकडं रिसिकातनं नातीसाठी आत्ताच पिंजरा आणून ठेवलाय, लहानसा, तारेचा, आणि तिकडच्या मिरच्या इथल्याहून तिखट आहेत.

आसाकेचे पाय जागच्या जागी हलत होते. डावा, उजवा, डावा.

"बोल की गं," जोलादेनं तिला ढोसलं.

"मेला," आसाके म्हणाली.

"काय?"

"तो मेला. वाऱ्याच्या दिवसांत. मी लक्ष दिलं नाही, घूस खात राहिली, पोपट मेला. परसात पुरला. हा माझा आहे. मी आणला."

मुकायलानं तिच्याकडं पाहिलं, आणि मान खाली घालून तसबीचे मणी मोजायला घेतले. "बरं," तो म्हणाला, "तू स्वतःच म्हणतेस तर मग झालं. टेक गुडघे, आणि थोरली ऊठ म्हणेपर्यंत उठायचं नाही."

आसाकेनं पोपट खोलीत सोडून दाराला कडी लावली, परत आली आणि साबितीपुढं गुडघे टेकले. साबितीला एवढी सोन्यासारखी संधी जन्मात मिळाली नव्हती. तिनं सुरुवात केली ती पोपटापासून, पण तिथं थांबली नाही. अलाबीच्या आजारपणात कुणी किती पाय दाबले, रिसिकातच्या लग्नात कुणाचा सुरवा खारट झाला, कुठल्या ईदला कुणी नवं कापड आधी दाखवलं, सगळं निघालं. शेजारच्या बायका आल्या, पोरं आली. "सवतीचा पोपट मारला गं हिनं," असं एक नवी येणारी दुसरीला सांगत होती, आणि आसाके ऐकत होती. आता हे उद्या बाजारात, परवा नदीवर, आणि मग कायमचं. गुडघ्यांखाली खडे टोचत होते. अंगभर मुंग्या धावत होत्या. आयुष्यात ती एवढा वेळ एका जागी राहिली नव्हती.

सावल्या लांबल्या. आत पेजेची वेळ झाली आणि पोपटानं गळा काढला. आधी हळू, मग जोरात, मग असा, की साबितीला आपलंच बोलणं ऐकू येईना. ती आवाज चढवून बोलली, पोपट त्याहून चढवून ओरडला. आसाकेची मान खाली होती, पण सगळ्या अंगाचा कान झाला होता, आणि पायांची बोटं मातीत रुतत होती.

साबिती थांबली. दाराकडं पाहिलं, मग गुडघ्यावरच्या म्हातारीकडं.

"जा गं बाई," ती वैतागून म्हणाली, "ऊठ. तुझं ते ओरडतंय, घाल त्याला काहीतरी."

आसाके उठली ती थेट चुलीकडं धावली. जोलादे तणतणत मागोमाग आली. "काय केलंस हे? जन्मभराचा डाग लावून घेतलास! मी सांगत होते ना साक्षीला..."

आसाकेनं हंड्यात बोट बुडवून पाहिलं, एक पान ओढलं, शंकूसारखं दुमडलं आणि भरलं.

"सरक गं वाटेतून," ती म्हणाली, "पेज निवतेय."